पाखरीच्या डॉक्टरांना जाहीर आभार

आदरणीय डॉक्टर,

सा. न. वि. वि.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात गावानं शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. लाळ-खुरकुताच्या लसीकरणाबद्दल बोलले, अडलेल्या म्हशींबद्दल बोलले. कुत्र्यांचं मात्र कुणी काढलं नाही. म्हणून हे पत्र. आणि चार लोकांत लिहितेय, कारण जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढ्याकडे कारवानी आणि पश्मी ही शिकारी जातीची कुत्री पाळणारी घरं पुष्कळ आहेत. तुम्ही आमच्या अंगणात उभं राहून जे सांगितलंत ते त्यांच्यापर्यंतही जायला हवं.

आमच्याकडे ही कुत्री चार पिढ्यांची. आजेसासरे सशामागे सोडायचे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं. आता ती शेळ्यांमागे जातात, रात्री राखणीला असतात, पण रक्त शिकाऱ्याचंच. बोरीच्या झुडपात काही हाललं की आमची कुत्री पाखरी आत घुसलीच. या जातीचं कौतुक सांगणारे आमच्या ओट्यावर रोज बसतात. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी पंचम जॉर्जला जोडी भेट दिली होती, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर मुधोळ हाउंड, म्हणजे आपला कारवानीच, आला, पुढे लष्करानं मेरठला नेऊन शिकवला, सगळं तोंडपाठ. कान उलटा करून आत बघणारा माणूस मात्र मी तुमच्या रूपानं पहिल्यांदा पाहिला.

पाखरी आजारी पडली तेव्हा घरात प्रत्येकाचं निदान तयार होतं. ऊन लागलं. दृष्ट लागली. काहीतरी विषारी खाल्लं. कुणीतरी येऊन ताप उतरायचं इंजेक्शन देऊन गेलं, दोन दिवस बरी वाटली, परत पडली. मग नाकातून रक्त आलं आणि आबा गप्प झाले. तुम्ही आलात आणि कुणाशी काही न बोलता तिचा ओठ वर केलात. हिरड्या पांढऱ्या. कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्त काचेवर घेतलंत, ते जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेलं. एर्लिकिया निघाला. हा जंतू गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतो, त्यानं रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात आणि म्हणून नाकातून रक्त येतं, हे तुम्ही मला समजेल अशा भाषेत सांगितलंत. लघवी कॉफीसारखी काळपट झाली असती तर बबेसियाचा संशय घेतला असता, तोही गोचीड तापच पण त्याचं औषध वेगळं, हेही तेव्हाच सांगितलंत. चिठ्ठीवर डॉक्सिसायक्लिनपुढे २८ दिवस लिहून त्या आकड्याला गोल केलात. कुत्री आठवड्यात जेवायला लागते आणि लोक गोळ्या बंद करतात, म्हणून तो गोल. गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही, भाकरीचा तुकडा पोटात गेल्यावरच. पाळलं सगळं.

पण ज्यासाठी मी खरी तुमची ऋणी आहे ते औषध नव्हे. तुम्ही आबांना विचारलं नाहीत, ह्यांना विचारलं नाहीत. आमच्या घरात कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा पुरुषांच्या हातात असतो आणि भाकरीचं ताट बाईच्या. तुम्ही विचारलंत, "हिची जागा कोण झाडतं?" मी पुढे आले. मग प्रश्न सगळे मला. गोचिडी जमिनीवर दिसतात की भिंतीवर? भिंतीवर कुठपर्यंत? पोतं शेवटचं उन्हात कधी टाकलं? मी म्हटलं, भिंतीवर दिसतात, पार वर तुळईपर्यंत. तुम्ही टॉर्च घेतलात आणि जुन्या दगडी भिंतीतल्या मातीच्या सांध्यात मारलात. फटीत एरंडाच्या बीसारख्या फुगलेल्या माद्या आणि त्यांच्या पुढे अंड्यांचे तपकिरी ढीग.

त्या दिवशी कळलं ते असं. कुत्र्याची ही तपकिरी गोचीड अंडी कुत्र्यावर घालत नाही. पोट भरलं की मादी गळून पडते, भिंत चढते, फटीत शिरते, हजारांच्या हिशेबात अंडी घालते आणि मरते. त्यातून निघालेलं सहा पायांचं बारकं पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, परत उतरून फटीत जातं, कात टाकतं. आठ पायांचं झालं की पुन्हा तेच, आणि मोठं झालं की आणखी एकदा. म्हणजे तीनदा जेवायला कुत्र्यावर आणि बाकी सगळं आयुष्य आपल्या भिंतीत. मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने वाट बघू शकते. आपण कुत्रं धूत बसतो.

आबांचा दोष गोठ्यातल्या गाईंवर होता. तुम्ही हसलात. गाईची गोचीड वेगळी, ती पिल्लू असताना अंगावर चढली की अंडी घालायला उतरेपर्यंत गाईच्याच अंगावर राहते. कुत्र्याची ही कुत्र्यालाच धरून असते. रानात झुडपांतून हिंडणाऱ्या कुत्र्याला इतर जातींच्याही लागतात, पण घरात वंश वाढवते ती ही. माझ्या सासूबाईंचा भरवसा कोंबड्यांवर. कोंबड्या गोचिडी खातात, ते खरंच आहे. पण त्यांची चोच सांध्यात पोचत नाही.

मग फटी सिमेंटनं भरल्या, वर चुना मारला, पोती जाळली. राहिलेल्या कोपऱ्यांत फवारा, आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्री लिंबाखाली बांधून. अंड्यांवर औषध चालत नाही म्हणून तीन आठवड्यांनी परत फवारा, हे तुम्ही फोन करून आठवण करून दिलंत. सरकारी माणसानं आपण होऊन केलेला फोन आमच्या घरात अजून सांगितला जातो.

शेजारच्या वस्तीवर पिकावरचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळतात. थिमेट चोळलेलं कुत्रं तोंडाला फेस येऊन गेलेलं मी पाहिलंय. तुम्ही तिथं जाऊन भांडलात, हे मला नंतर कळलं. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, वर ती अंग चाटतात. जनावराचं वजन करून मगच मानेवर टाकायचं औषध किंवा खायची गोळी, आणि पूर्वी कधी झटके आले असतील तर गोळीआधी डॉक्टरांना सांगायचं, हा तुमचा नियम मी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. थोडी आगाऊ झाले आहे असं ह्यांचं मत आहे.

रानातून आल्यावर बघायच्या जागाही मुलांना पाठ झाल्यात: बोटांच्या मध्ये, कानात, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी. कारवानीच्या गुळगुळीत अंगावर दिसून तरी येतात. पश्मीच्या कानाच्या आणि शेपटीच्या झुलपांत हात घालूनच शोधाव्या लागतात. चिमटा कातडीला टेकवून सरळ ओढायचं. रॉकेल नाही, विडीचा चटका नाही. आणि नखानं चिरडायचं तर मुळीच नाही. थोरल्यानं का म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही त्याला गोचिडीपासून माणसाला होणाऱ्या रोगांचं, २०११ साली गुजरातेत निघालेल्या काँगो तापाचं आणि आपल्याच सिंधुदुर्गातल्या माकडतापाचं सांगितलंत. कुत्र्याच्या गोचिडीचे ते रोग नव्हेत, पण कुठली गोचीड कुठली हे नखाला कळत नाही, असं म्हणालात. तेव्हापासून तो साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन बसतो, काढलेली गोचीड थेट तिच्यात.

पाखरी पहिल्यासारखी पळते. अंगावर मांस यायला वेळ लागला, पण आलं.

एक विचारायचं राहिलं. आता कुत्र्यांना पत्र्याचं नवीन शेड केलंय, खाली फरशी आहे, पण फरशीच्या सांध्यांत माती बसते. मृगाआधीचा फवारा तिथंही मारायचा की सांधे भरून घेतले तरी पुरे? सवडीनं फोन करा. आणि या बाजूला आलात तर जेवूनच जायचं, मागच्या वेळी नुसत्या चहावर गेलात.

आपली,
पाखरीच्या घरची सून