स्लॅब आधी ओझं, मग जोडीदार

डिचोली, गोवा

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, स्लॅबखालच्या पोलादी तुळईचा हिशोब बरोबर बसतोय, तरी साहेब परत का पाठवतात?" तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे.

कुळागरातल्या व्हाळावरच्या दोन फळ्या आठवतात? एकावर एक नुसत्या ठेवल्या होत्या. पाय ठेवला की दोन्ही आपापल्या वाकायच्या, टोकं मागंपुढं सरकायची. मी आरपार खिळे ठोकले आणि झोका थांबला. तुझे १९ मिलिमीटरचे स्टड, म्हणजे तुळईवर जोडलेले आणि स्लॅबमध्ये रुतणारे पोलादी खुंट, हेच करतात. ते सरकणं अडवतात, म्हणून स्लॅब दाब घेतो आणि खालचं पोलाद ताण. चालायला स्लॅब लागतोच, मग त्याला कामाला का लावू नये?

पण ही जोडी काँक्रीट घट्ट झाल्यावरची. ओतताना स्लॅब म्हणजे निव्वळ ओझं. १२५ मिलिमीटरचा भरीव स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो, आणि टेकू नसतील तर सगळा भार एकट्या पोलादावर. वेर्ण्याला एका कारखान्याच्या मधल्या मजल्यावर मी हे पाहिलंय. पंपाचा पाइप एकाच जागी धरला, ढीग झाला, तुळई दबली. लेव्हल मिळवायला मिस्त्रीनं तिथंच आणखी माल ओतला. वजन वाढलं, तुळई आणखी दबली. सुपरवायझर मी होतो. पाइप तेव्हाच हलवायला लावायला हवा होता, ही खंत अजून आहे.

म्हणून दोन हिशोब वेगळे मांड, ओतण्याचा आणि नंतरचा. पहिल्यात तुळईची वरची फ्लँज, म्हणजे माथ्याची आडवी पट्टी, बाजूला लचकते का बघ, तेव्हा तिला धरायला स्लॅब नसतो. दुसऱ्यात सगळा स्लॅब मोजू नकोस: साध्या टेकलेल्या मधल्या तुळईचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ८ मीटर असेल, तर तुळया एकमेकींपासून ३ मीटरवर असल्या तरी स्लॅबची २ मीटर रुंदीच धर. अनेक आधारांवरून जाणाऱ्या सलग तुळईच्या मधल्या आधारावर स्लॅब ताणात जाऊन भेगाळतो, तिथं भरवसा सळ्यांचाच. पोलाद-काँक्रीटच्या अशा जोडकामाचं भारतीय मानक, आयएस ११३८४, त्याची २०२२ ची आवृत्ती वापर, माझ्या पेटीतली १९८५ ची आहे.

आई विचारते, चवथीला येतेस ना? येताना नकाशे आण. गणपतीवरची माटोळी बांधून झाली की आपण दोघं ओतण्याचा हिशोब करायला बसू.

तुझे
बाबा