कृष्णेतलं ते कासव आठवतं का?

वाळपई, सत्तरी (गोवा)
६ जुलै

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, रागावू नकोस. शाळा सुरू झाली आणि पाऊसही असा लागला की कपडे वाळेनात. वाडीला पाणी चढायला लागलं असेल. आबांचे गुडघे कसे आहेत ते कळव.

आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. परवा शाळेतून येताना व्हाळावरच्या साकवापाशी दोन पोरं मासे धरत होती. बादलीत शेंगट्या होत्या आणि त्यांच्याखाली, तळाशी, एक कासव. विचारलं, याचं काय करणार? धाकटा म्हणाला, "बांयंत घालतलों, सर." विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं, ही समजूत इथंही आहे, तुमच्याकडेही आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की विहिरीला चहूकडून चिरे, अंडी घालायला माती कुठं आहे तिथं? मोठ्याला ते पटलं. त्यानं स्वतः ते उचलून माझ्या हातात दिलं.

वीतभर असेल. पाठ टणक नाही, ओल्या चामड्यासारखी. नाक पुढं नळीसारखं आलेलं, टोकाला दोन भोकं. तेवढंच पाण्याबाहेर काढून ते श्वास घेतं. पालथं केलं तर पोट पांढुरकं, आणि मागचे पाय आत ओढले की त्यांच्यावर कातड्याच्या दोन झडपा झाकणासारख्या बसतात. इथल्या शेतांत, तळ्यांत दिसणारं हे झडपांचं कासव. व्हाळाच्या कडेला ठेवलं तर क्षणभर हललं नाही, मग मान लांब काढली आणि गढूळ पाण्यात गेलं.

त्या झडपा पाहिल्या आणि मला कुरुंदवाडच्या घाटावरची ती सकाळ आठवली. आपण सहावीत होतो. गळाला लागलेलं भलं मोठं कासव तिघांनी ओढून पायरीवर उलथं टाकलं होतं. आईच्या पुरणाच्या परातीएवढं. त्याला झडपा नव्हत्या, दत्ता. मागचे पाय उघडेच हवेत हलत होते आणि मान वळवून ते जमीन शोधत होतं. तू म्हणालास, याच्या डोक्यावर कुणी शाईची रेघ ओढलीय बघ. डोळ्यांच्या मधून निघून मानेपर्यंत गेलेली काळी रेघ. नंतर ते पोत्यात घालून नेलं. आपण पोत्यामागं चौकापर्यंत गेलो आणि मग शाळेत गेलो.

गेल्या दोन रात्री मी मिळेल ते वाचतोय. ती रेघ लीथच्या मऊ पाठीच्या कासवाची खूण आहे. मुंबईतल्या लीथ नावाच्या डॉक्टरवरून हे नाव पडलं. १८७२ मध्ये ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं त्याची शास्त्रीय नोंद केली. पाठ दोन फुटांपर्यंत वाढते. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल वर्तुळं असतात, वय वाढतं तशी ती पुसट होतात. हे कासव फक्त आपल्या दक्षिण भारतातल्या नद्यांचं आहे, जगात दुसरीकडे कुठंही नाही. आणि गेल्या तीस वर्षांत त्याची संख्या ९० टक्क्यांनी घटली असा अंदाज आहे. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. ती तीस वर्षं म्हणजे तुझी-माझीच वर्षं आहेत रे.

मांसासाठी तर मारतातच, पण पाठीच्या कडेचा मऊ कूर्चेचा भाग वाळवून चोरून परदेशी पाठवतात, त्याला तिकडं मोठी किंमत येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार आणि विक्री दोन्ही बंद आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाला साइट्सची, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, परिषद झाली, तिथं भारतानंच मांडलेल्या प्रस्तावावरून हे कासव पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी. चांगलं झालं. पण पनामात झालेला ठराव घाटाच्या पायरीपर्यंत कोण आणणार?

गोव्यात कासव म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथं ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, वनखात्याची माणसं रात्र रात्र राखण करतात, पिल्लं पाण्यात सोडली की पेपरात फोटो येतो. त्याचा मला आनंदच आहे. पण नदीतल्या कासवाला ठरलेला किनारा नाही, ठरलेला दिवस नाही. ते गढूळ पाण्यात तळाशी बसून राहतं आणि नाहीसं झालं तरी कुणाला कळत नाही. चीनमध्ये यांगत्सेच्या अजस्र मऊपाठी कासवांची शेवटची माहीत असलेली मादी तिथल्या सुझोऊच्या प्राणिसंग्रहालयात २०१९ मध्ये मेली. पुढं व्हिएतनाममधल्या तळ्यात एक मादी सापडली, तीही २०२३ मध्ये मेली. त्या कासवाची मोजदाद आता बोटांवर आहे.

मला धीर आला तो केरळातल्या कामामुळं. मंगळूरच्या पुढं, कासरगोडकडच्या चंद्रगिरी नदीत कँटरचं महाकाय मऊपाठी कासव आहे. आयुषी जैन ही संशोधक तिथं नदीकाठच्या माणसांना विचारत फिरली: कुठं पाहिलं, कधी पाहिलं, जाळ्यात आलं तर काय केलं? पुस्तकांत नव्हतं ते त्या लोकांना ठाऊक होतं. त्यांच्याच मदतीनं घरटं मिळालं, पाण्याखाली गेलेली अंडी वाचवली आणि पिल्लं परत नदीत सोडली.

म्हणून तुला लिहितोय. मी डोंगरापलीकडं, तू नदीवर. आबांनी पन्नास वर्षं नाव चालवली. त्यांना विचार, काळ्या रेघेचं कासव शेवटचं कधी पाहिलं? कुठल्या डोहात? वाळू उपसायच्या आधी ती काठावर कुठं चढायची? ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत वहीत उतरव. जाळी टाकणाऱ्यांनाही विचार, पण त्यांना दोषी धरल्यासारखं नको, नाहीतर तोंड उघडणार नाहीत. आणि कुणाला खरंच दिसलं तर फोटो घे, मात्र जागेचं नाव व्हॉट्सॲपवर टाकू नकोस. जागा कळली की पोतं घेऊन येणारे आधी पोचतील.

चवथीनंतर मला चार दिवस सुट्टी आहे. चोर्ला घाटानं बेळगाव गाठतो आणि तिथून तुझ्याकडं. तोवर पाणी उतरलेलं असेल. आबांना म्हणावं, नाव डागडुजी करून ठेवा, मी वल्हं मारेन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास