ती रात्र पुन्हा वदवून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

30 सप्टेंबर जवळ आला की आमच्या भागात पत्रकारांच्या गाड्या दिसू लागतात. तुमच्याकडेही विशेष पानाची तयारी सुरू होईल, म्हणून आधीच लिहिते आहे. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाची दखल जरूर घ्या. पण ज्यांची माणसं त्यात गेली, त्यांच्याकडून ती रात्र दरवर्षी वदवून घेऊ नका, एवढी विनंती आहे.

मी औसा तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पुनर्वसित गावात राहते. 1993 साली 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा तीन वर्षांचा मुलगा त्यात गेला. आमच्या घरी ती रात्र वर्षातून दोनदा येते, एकदा तिथीने आणि एकदा तारखेने.

काही वर्षांपूर्वी एका वाहिनीचा तरुण प्रतिनिधी आला. जाऊबाईंना जुन्या गावठाणात नेऊन उभं केलं आणि विचारलं, "ढिगारा उपसताना लेकरू आधी कुणाला दिसलं? काय दिसलं?" त्यांनी सांगितलं. कॅमेऱ्यासाठी पुन्हा एकदा सांगायला लावलं, तेही सांगितलं. गाडी गेली. त्या रात्री जेवल्या नाहीत, बाज अंगणात टाकली आणि दिवाळीपर्यंत छपराखाली झोपल्या नाहीत. मी रागावले तर म्हणाल्या, "लांबून आलेले लेकरं हायेत, न्हाई कसं म्हणावं?"

सगळ्यांची समजूत अशी की बोललं, रडलं की माणूस मोकळा होतो. आपल्या माणसाजवळ, आपल्या मनाने बोललं तर होतही असेल. पण कुणी तरी येऊन एकदाच सगळं उकरायचं आणि निघून जायचं, याचा अभ्यास झालेला आहे. माझी भाची मानसोपचाराचं शिक्षण घेते, तिच्याकडून हे लेख मी समजून घेतले. एके काळी अपघातातून वाचलेल्यांना पहिल्या काही दिवसांतच बसवून घडलेलं सविस्तर सांगायला लावायची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली होती. इंग्लंडमध्ये रस्ता अपघातातल्या जखमींवर ती तपासून पाहिली आणि तीन वर्षांनी पुन्हा त्यांची चौकशी केली. सुरुवातीला ज्यांना फार त्रास होत होता, त्यांच्यापैकी ज्यांना असं बोलतं केलं नव्हतं ते बरेच सावरले होते. ज्यांना बोलतं केलं होतं, त्यांचा त्रास तसाच राहिला होता. हे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली आपत्तीतल्या मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिच्यात तर स्पष्टच सांगितलं आहे की घडलेलं सांगण्यासाठी कुणावर दबाव आणू नये.

उपचारातही ती आठवण काढावीच लागते, हे मला माहीत आहे. पण तिथे शिकलेला माणूस समोर असतो, आठवड्यामागून आठवडे तोच असतो, आणि कुठे थांबायचं हे रुग्णाच्या हातात असतं. त्यातून ती आठवण हळूहळू "तेव्हाची" होते. आघातातल्या आठवणीचा खरा त्रास हाच आहे की ती मागे पडत नाही, आत्ता घडल्यासारखी अंगावर येते. पहिल्या पावसात मातीला सुटणारा वास सगळ्यांना सुखाचा वाटतो. जाऊबाई तो आला की दारं-खिडक्या लावून घेतात, कारण भूकंपानंतर पाऊस झोडपत असताना त्या ढिगाऱ्याजवळ बसून होत्या. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला आणि भांडी वाजली की हातातलं टाकून बाहेर धावतात. इतक्या वर्षांनीही. आमच्याच भूकंपातून वाचलेल्यांची एक छोटी पाहणी 1996 साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात आली होती. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना मानसिक आजार आढळला होता, मुख्यतः आघातानंतरचा ताण आणि नैराश्य. आमच्या गावात तेव्हा याला कुणी आजार म्हटलं नाही. "धसका घेतलाय" म्हणायचे आणि अंगारा लावायचे.

आणखी एक गोष्ट फार लागली. त्याच प्रतिनिधीने जुनं कात्रण काढून सगळ्यांसमोर विचारलं, "तेव्हा तुम्ही म्हणालात दिराने बाहेर काढलं, आता म्हणता जवानांनी. नक्की काय?" जाऊबाई ओशाळल्या. त्यांना पहाटे दिरांनीच काढलं होतं, जवान पुढे आले ते प्रेतं काढायला. दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोरचं, ते एकात एक मिसळलं. यात खोटेपणा कुठे आला? 1986 साली अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कुणाकडून कळली हे लिहून घेतलं होतं. अडीचेक वर्षांनी पुन्हा विचारलं तेव्हा बहुतेकांचे तपशील बदलले होते, आणि तरीही अनेकांना आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. ही तर दुरून बातमी ऐकणारी मुलं होती. जाऊबाईंच्या सांगण्यात वेळ, क्रम, माणसं कधी पुढेमागे होतात. लेकराच्या अंगात कुठला सदरा होता, हे मात्र एकदाही बदललेलं नाही. इतर साक्षीपुरावे ताडून पाहायचं काम पत्रकाराने आपल्या टेबलावर करावं, त्या बाईला सगळ्यांपुढे खोटं पाडू नये.

तुमच्या वार्ताहरांना तेवढं सांगा. आधी निरोप द्या, घरातल्या कुणाला तरी सोबत बसू द्या, "नको वाटलं तर सांगू नका" हे वाक्य आधी बोला, आणि ढिगाऱ्यातल्या प्रेतांचे ते जुने फोटो पहिल्या पानावर लावू नका. लेखाच्या शेवटी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक ठळक छापा. तो सरकारी आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आमच्या गावात अजून पुष्कळांना तो माहीत नाही.

बोलायचं तर जाऊबाईंकडे पुष्कळ आहे. घराचा कबाला अजून हातात नाही, पावसाळ्यात स्लॅब गळतो, नातू बारावी होऊन घरी बसला आहे. हे त्यांना विचारलंत तर त्या चहा केल्याशिवाय उठू देणार नाहीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. औसा, जि. लातूर
(कृपया नाव छापू नये.)