अंतःकरण शुद्ध झाले हे कळावे कसे?

पुणे,
उपवासकाळातील रविवार, सायंकाळ

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझ्या मागच्या दोन्ही पत्रांना उत्तर गेले नाही, याची खंत आहेच. गुडघा आहे तसाच आहे, साखर आटोक्यात आहे. आज लिहायला बसलो ते मात्र एका गोष्टीसाठी, जी इथे कोणापुढे काढता येत नाही. घरात बोललो तर भाऊबंदकी नव्याने उकरली जाईल, आणि मंडळीतल्या लोकांनी अण्णांचे गाणे तुझ्यासारखे पेटीशेजारी बसून ऐकलेले नाही.

गुरुवार पेठेतल्या घराचा माझा हिस्सा मी धाकट्याच्या नावे करून दिला, हे तुला ठाऊक आहे. सही करताना मन शांत होते, आणि उपासनेनंतर चारचौघांनी माझ्या निर्मळ मनाबद्दल देवाचे आभार मानले. पुढे काही महिन्यांनी पुतण्या आला आणि त्याने अण्णांचे ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक मागितले, तेच, ज्याच्या समासात अण्णांनी पेन्सिलीने स्वर लिहून ठेवले आहेत. मी ते दिले. पण तेव्हापासून त्या मुलाचे नाव निघाले की छातीत काहीतरी आवळते. घर देताना जे मन हलले नाही, ते एका शिवण सुटलेल्या पुस्तकापाशी अडून का बसावे?

याचे उत्तर मला योहान कॅसियनकडे सापडले, निदान प्रश्न तरी तिथे नेमका मांडलेला सापडला. चौथ्या शतकाच्या अखेरीस तो आपला जिवलग मित्र जर्मानस याच्याबरोबर इजिप्तमधल्या स्केतिसच्या वाळवंटात गेला आणि तिथल्या संन्याशांशी झालेली संभाषणे त्याने पुढे लॅटिनमध्ये लिहून काढली. पहिलेच संभाषण त्यांतल्या अब्बा मोशे या वडीलधाऱ्या गुरूंचे आहे, आणि विषय हाच. ते म्हणतात की देवाचे राज्य हे आपले अंतिम ध्येय खरे, पण नजर ठेवायची ती अंतःकरणाच्या शुद्धतेवर. उपवास, जागरण, शास्त्रवाचन ही सगळी तिथे पोहोचण्याची साधने आहेत, म्हणून वाचन चुकले या कारणाने जो भावावर चिडतो, तो वाचनाने मिळवले असते त्याहून अधिक गमावतो. आणि मग ती ओळ येते, जी वाचून मी पुस्तक मिटले: मोठमोठ्या मालमत्ता सोडून आलेली माणसे इथे एका चाकूवरून, सुईवरून, लेखणीवरून संतापतात, आणि काही जण तर आपल्या पोथीला दुसऱ्याला हातही लावू देत नाहीत. पौलाने करिंथकरांना लिहिले की सर्व धन वाटून टाकले आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही. अब्बा मोशे ती प्रीती आणि ही शुद्धता एकच मानतात.

बंडगार्डनच्या पुलावरचे आपले भांडण तुला आठवत असेलच. शुद्ध अंतःकरण म्हणजे वाईट विचार मनात येऊच नये, असे तू ठासून सांगत होतास. तसे असेल तर येशूने ‘अंतःकरणाचे शुद्ध’ म्हणून ज्यांना धन्य म्हटले, त्यात माणूस एकही उरणार नाही, असे मी म्हणत होतो. तू रागाने पायी स्टेशनपर्यंत गेलास, आणि माझ्या सायकलची किल्ली तुझ्याच खिशात! जर्मानसनेही जवळजवळ हाच मुद्दा काढला, की विचार आपल्या नकळत येतात, त्यांना अडवणार कसे? अब्बा मोशे म्हणाले की मन पाण्यावर फिरणाऱ्या जात्यासारखे आहे. पाणी वाहते तोवर ते थांबत नाही, मात्र त्यात गहू टाकायचा, जव की तण, हे जात्याच्या धन्याने ठरवायचे.

हे मला पटते, तरीही माझी काळजी सरत नाही. पुस्तकाने जे उघडे केले, ते घराच्या वेळीही आत होतेच का? तेव्हा मी भावाला दिले, की मंडळीच्या नजरेला? येशूने दान गुप्त ठेवायला सांगितले, आणि मला आता असे वाटते की ते दान देणाऱ्याच्याही फारसे लक्षात राहू नये, हाही त्याचा हेतू असावा. सारखे आपल्याच अंतःकरणाकडे पाहत बसलो, तर देवाकडे पाहणार कधी? दावीद एक्कावन्नाव्या स्तोत्रात स्वतःला शुद्ध करण्याचे वचन देत नाही, तो मागतो: ‘माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर.’ म्हणून सध्या मी रोज पहाटे ते स्तोत्र म्हणतो आणि त्याच बैठकीत पुतण्याचे नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करतो. काही दिवशी ते नाव घशातच अडकते, तरी घेतो.

मोठीची परीक्षा कशी झाली, ते कळव. वहिनींना सलाम सांग, आणि बदलीचे काय ठरले तेही लिही.

पुस्तक परत मागू नको, असे तू सांगशील, आणि मी मागणारही नाही. पण पुनरुत्थानाच्या सणाला पुतण्याकडे जावे, आणि त्या समासातल्या खुणा त्याला शिकवाव्यात, असे मनात आहे. मी त्याच्यासाठी जाईन की पुस्तकासाठी, हे माझे मला अजून सांगता येत नाही. तू मला लहानपणापासून ओळखतोस. जाऊ का, ते स्पष्ट लिही.

तुझा,
पेटीच्या डाव्या बाजूला बसणारा