कपाट खालचंच घे

प्रिय विन्या,

पत्र मिळालं, सोबतची यादीही. कऱ्हाडातलं वाचनालय बालविभागात कॉमिक्ससाठी पैसे बाजूला काढतंय, तेही कार्यकारी मंडळाच्या एकमतानं, म्हणजे बैठकीत तू काय बोललास ते एकदा ऐकायलाच हवं. यादीबद्दल बेधडक लिही म्हणालास, तर लिहितो: अर्धी नावं उडव.

तू प्रत्येक मालिकेचा पहिला भाग धरलायस, एकेक प्रत. दाखल रजिस्टर त्यानं छान भरतं, तपासणीला येणारे साहेबही खूश होतात. पण कॉमिक वाचणारं पोर कसं वागतं ते आमच्या देवघेवीच्या टेबलाशी बसून बघ. संध्याकाळी नेलेला भाग दुसऱ्या दिवशी परत, आणि चप्पल काढायच्या आधीच प्रश्न, "पुढचा आहे?" नाही म्हटलं की आठवडाभर विचारतं, मग यायचंच बंद होतं. म्हणून नावं कमी घे, पण जी मालिका घेशील ती शेवटपर्यंत घे. जेफ स्मिथची 'बोन' नऊ खंडांत संपते, ती झेपेल. जपानी 'नारुतो'चे ७२ खंड आहेत. तेवढ्यात तुझे पैसे संपतील, शिवाय ते जरा मोठ्या मुलांचं. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, तर मुलं मागणारच, मोबाइलवर सगळी ॲनिमे, म्हणजे तिकडची कार्टून, बघून बसलेली असतात. एखादी छोटी, संपणारी मालिका शोध. आणि शिक्के मारणाऱ्याला आधीच सांगून ठेव की ही पुस्तकं उजवीकडून सुरू होतात, नाहीतर मुदतीची चिठ्ठी गोष्टीच्या शेवटच्या चित्रावर डकवलेली सापडेल.

मराठीचं दुखणं तुला ठाऊकच आहे. १९६७ साली आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्याच साली मुंबईत अनंत पै यांची 'अमर चित्र कथा' सुरू झाली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या चित्रांवर आपण वाढलो. नावं तेव्हा कोण बघत होतं! मराठीतल्या मिळतील तेवढ्या घेच. राक्षस तेवढे काळे आणि नायक गोरे, ही त्यांच्यावरची टीका रास्त आहे, पण म्हणून पुस्तकं कपाटाबाहेर काढू नयेत, मुलांशी त्यावर बोलावं. माझी तक्रार वेगळी आहे. मराठी कपाट पुराण आणि इतिहासापाशी येऊन थांबतं. सहावीतल्या मुलीला आजची गोष्ट चित्रांतून वाचायची असेल, शाळेत एकटं पडल्याची, दाताला तार लावल्याची, वडिलांच्या बदलीची, तर तिच्या हातात ठेवायला मराठीत फारसं काही नाही. मग इंग्रजीकडे जावंच लागतं. रेना टेल्गेमायरचं 'स्माइल' घे. तिचेच सहावीत पडून पुढचे दात गेले, आणि त्यानंतरची दाताच्या डॉक्टरांची, शाळेची, मैत्रिणींची वर्षं तिनं काढली आहेत. सेसी बेलचं 'एल डेफो' घे, कानाला यंत्र लावणाऱ्या मुलीचं, त्यात सगळ्यांना सशाचे कान आहेत. जेरी क्राफ्टच्या 'न्यू किड'ला २०२० मध्ये न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतलं बालसाहित्याचं मोठं बक्षीस, मिळालं, ग्राफिक नॉव्हेलला, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या पुस्तकभर गोष्टीला, ते पहिल्यांदाच.

मराठी माध्यमाच्या पोरांना हे कसं झेपणार, असं तू विचारलंस. अरे, फुग्यातलं वाक्य चार-सहा शब्दांचं असतं आणि बोलणाऱ्याचं तोंड शेजारीच दिसतं. आमच्याकडे महापालिकेच्या शाळेतली मुलं दोघांत एक घेऊन जमिनीवर पसरतात. एक अडखळत वाचतो, दुसरा चित्रावरून अर्थ सांगतो, आणि अर्थावरून भांडणं होतात. मी मध्ये पडत नाही.

डॉ. आंबेडकरांवरचं 'भीमायन' मात्र चुकवू नकोस, अकरा-बारा वर्षांपुढच्यांसाठी. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची, परधान गोंड या आदिवासी शैलीतली. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, 'नवयान'नं २०११ मध्ये छापलं. १९०१ मध्ये लहानगा भीमराव वडिलांकडे जायला निघाला, मसूर स्टेशनावर उतरला आणि जात कळल्यावर बैलगाडीवाले तयार होईनात, तो प्रवास त्यात आहे. मसूर, विन्या! तिथली पोरं उद्या तुझ्याच टेबलाशी येणार. "चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे" असं मंडळातले कुणी ज्येष्ठ म्हणालेच, तर वाद घालू नकोस, हे पुस्तक त्यांच्यासमोर उघड. नेहमीच्या चौकोनी चौकटी नाहीत. मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आमच्याकडची एक मुलगी हे ध्यानात आल्यावर पुन्हा पहिल्या पानावर गेली आणि कुणाकुणाला नांगी आहे ते बोटानं मोजत सुटली.

वयाचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. 'माउस'ला १९९२ मध्ये पुलित्झर मिळालं, पुस्तक थोरच आहे, पण मुखपृष्ठावर उंदीर आहेत म्हणून कुणीतरी ते बालविभागात ढकलतंच. आत नाझी छळछावण्या आहेत. ते मोठ्यांकडे ठेव.

ग्रंथालयाच्या दशांश वर्गीकरणातला कॉमिक्सचा वर्गांक ७४१.५ देऊन टाक, रजिस्टरपुरता. त्या क्रमानं लावलंस तर सगळं चित्रकलेच्या पुस्तकांत वरच्या फळीवर जाऊन बसेल. कपाट खालचंच घे, बिनकुलपाचं, आणि निदान काही पुस्तकांची मुखपृष्ठं समोरून दिसू देत. काचेच्या कपाटाला कुलूप आणि किल्ली ग्रंथपालांच्या खिशात, हा प्रकार आपल्या लहानपणी होता तेवढा पुरे.

राहिली बांधणी. ही पुस्तकं फाटणार, लवकर फाटणार, आणि तुमचा बांधणीवाला सवयीनं कडेनं टाके घालणार. कादंबरीत तिथे कोरा समास असतो, अर्धा इंच शिवणीत गेला तरी बिघडत नाही. इथे दोन पानांवर पसरलेलं चित्र असतं आणि नेमका चेहरा शिवणीत जातो. त्यापेक्षा नवं पुस्तक कपाटात ठेवायच्या आधीच पाठीला कापडी पट्टी लाव, आणि हातात असलेल्या रकमेतला चौथा हिस्सा दुसऱ्या प्रतींसाठी राखून ठेव. मंडळ विचारेल, तेच पुस्तक परत कशाला? फाटकी प्रत बैठकीत टेबलावर ठेव.

सुधारलेली यादी घेऊन पुण्याला ये. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत एकत्र हिंडू, पण शाळा उघडायच्या आठवड्यात नको, पाय ठेवायला जागा नसते. वहिनींना नमस्कार सांग, आणि धाकट्याला विचार, यादीत त्याचं एक तरी नाव घातलंस का?

तुझा,
दिल्या