ऊसपट्ट्यातील हवा कोण मोजणार?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गाळप हंगाम सुरू झाला, की आमच्या सीमाभागातील गावांत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी येऊन बसते आणि लोकांची तक्रारही बहुधा तिच्याविषयीच असते. तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवल्यामुळे सांगावेसे वाटते, की डोळ्यांना दिसणारे हे मोठे कण नाका-घशातच अडकतात. खरा धोका अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचा आहे. असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मांडले तर कुठे केसाची जाडी भरते. ते थेट फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात, त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात, आणि म्हणून त्यांचा संबंध दम्याइतकाच हृदयविकाराशी व पक्षाघाताशीही आहे.

हे कण मोजण्याची विश्वसनीय पद्धत वजनाची आहे. ठरावीक वेगाने हवा ओढून ती गाळणपत्रातून सोडतात आणि ते पत्र आधी व नंतर तोलतात. चोवीस तासांत साधारण २४ घनमीटर हवा ओढली जाते. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या मर्यादेवर असलेल्या दिवशी पत्रावर दीड मिलिग्रॅमही धूळ जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली आहे. हवेची गुणवत्ता मोजण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील हाताने चालवायच्या केंद्रांवर हे मापन आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस व्हावे, असा नियम आहे. फडातला पाला नेमका उरलेल्या पाच दिवसांत पेटला, तर तो धूर कोणत्याच नोंदीत येत नाही.

मोबाइलवर दिसणारा ‘बेळगाव’चा आकडा पाहून खेड्यातल्या माणसाने निश्चिंत होऊ नये, असे मला कळकळीने वाटते. तो आकडा शहरातील यंत्राचा किंवा उपग्रहाच्या आधारे केलेल्या अंदाजाचा असू शकतो. प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारी स्वस्त यंत्रे तर दमट हवेत फुगलेल्या कणांमुळे आणि धुक्याच्या थेंबांमुळे प्रत्यक्षापेक्षा जास्त धूळ दाखवतात, आणि आपल्याकडच्या पहाटेच्या धुक्याविषयी वेगळे सांगायला नको.

आरोग्यावरील परिणाम मोजणे याहूनही कठीण आहे. माझ्या वहिनीला दोन हिवाळे चालताना धाप लागत होती आणि ‘थंडीचा खोकला’ म्हणून औषध चालू होते. शेवटी शहरात जाऊन नळीत जोराने फुंकण्याची, म्हणजे स्पायरोमेट्रीची, चाचणी केली, तेव्हा पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा फारच कमी असल्याचे कळले. तिचे आयुष्य चुलीपुढे गेले आहे आणि घराला लागूनच उसाचे फड आहेत. दोष कोणाचा किती, हे एका रुग्णावरून कोणताही डॉक्टर ठामपणे सांगू शकणार नाही. त्यासाठी अनेक माणसांची अनेक वर्षे नोंद ठेवावी लागते. अमेरिकेतील सहा शहरांत ८,१११ प्रौढांची चौदा ते सोळा वर्षे अशी नोंद ठेवली, धूम्रपानाचा परिणाम हिशेबातून वेगळा काढला, आणि १९९३ साली असे दिसले, की सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक होते. त्यांतल्या कोणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर ‘धूळ’ हे कारण लिहिलेले नसणार.

म्हणून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि जिल्हा आरोग्य खात्याला विनंती आहे, की निदान गाळपाच्या महिन्यांत ऊसपट्ट्यातील काही गावांत रोज मापन व्हावे आणि ते आकडे कन्नडबरोबर मराठीतही ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. त्याच गावांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्पायरोमेट्रीची सोय करून दम्या-खोकल्याच्या रुग्णांची तारीखवार नोंद ठेवावी, म्हणजे दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचता येतील. येत्या हंगामाच्या आत एवढे तरी सुरू व्हावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, बेळगाव जिल्हा