सूचना : झाडीतल्या कोपऱ्यासाठी रविवारी श्रमदान

सर्वांना नमस्कार. नेरूळच्या आपल्या उद्यानात मागच्या भिंतीलगत झाडीत बसायची जागा करतोय, तिथल्या झाडांचे खड्डे येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता घ्यायचे आहेत. फावडं, घमेलं, पहार असेल ते आणा.

गेल्या आठवड्यात एक खड्डा खणून पाहिला. फूटभर खाली विटांचे तुकडे, मुरूम आणि एक अख्खी चप्पल! ओतलेलं पाणी अर्धा तास तसंच उभं. खाडीकाठचा भराव, दुसरं काय. म्हणून २ बाय २ फूट, तितकंच खोल खणून डबर काढायचं आणि लाल माती व कुजलेलं शेणखत भरायचं.

झाडं ताम्हण, करंज, बहावा, कदंब. गुलमोहराचा आग्रह कृपया नको. मुळं वरवर, पावसाळी वाऱ्यात आडवा होतो.

बाकांऐवजी दगडी पार, पण खोडापासून दोन हात लांब आणि सिमेंट न लावता. जुन्या रेन ट्रीची फांदी कुणी परस्पर तोडू नये. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा, चहाचा अंदाज येईल. (मागच्या वेळी आठ कपांत पंधरा जण भागवले.)